वीजतारांचा भूसंपर्क : एका कलमाची पाठपरंपरा

नियमांच्या पुस्तकांच्या नशिबीं एक चमत्कारिक दुर्दैव असतें. नवी आवृत्ति निघाली कीं जुनी रद्दींत जाते. महजर, निवाडपत्र किंवा करीना जितका जुना तितका संग्राहकास प्रिय. परंतु इमारतींत विजेच्या तारा कशा ओढाव्या हें सांगणाऱ्या पुस्तकाची मागील आवृत्ति कोणी जपून ठेवीत नाहीं. तिचा उपयोग संपलेला असतो, आणि चुकून तिच्या आधारें काम केलें तर अपायच व्हावयाचा. अमेरिकेंत अशी नवी आवृत्ति आज दर तीन वर्षांनीं निघते. त्यामुळें शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींचा पाठ पाहावयाचा तर त्या प्रती पोथ्यांसारख्याच शोधीत बसावें लागतें. प्रस्तुत लेखांत अशा पुस्तकांतील एकाच कलमाचा विचार करावयाचा आहे. तें कलम म्हणजे विजेच्या तारांचा व उपकरणांचा जमिनीशीं बुद्धिपुरस्सर केलेला संबंध. ज्या कृत्यास इ. स. १८९२ सालीं न्यूयॉर्कच्या आग-विमा मंडळानें धोकादायक म्हणून दोष दिला, तेंच कृत्य १९१३ सालीं त्याच देशाच्या नियमपुस्तकानें सक्तीचें केलें. एकवीस वर्षांत निषेधाचा विधि झाला. धर्मशास्त्राच्या ग्रंथांतही इतका झटपट पालट क्वचितच आढळेल. तेव्हां तो कशानें झाला हें पाहणें मनोरंजक आहे.

प्रथम शब्दाविषयीं. इंग्रज लोक या जोडणीस ‘अर्थ’ म्हणतात, अमेरिकन लोक ‘ग्राउंड’ म्हणतात. आपल्याकडे वीज इंग्रजांच्या मार्फत आली म्हणून आपले वायरमन ‘अर्थ दिला’, ‘अर्थिंग केलें’ असें बोलतात, व आपल्या भाषेंतील ‘अर्थ’ शब्दाशीं त्याची गांठ पडून ‘या तारेला अर्थ नाहीं’ असें वाक्य अगदीं गंभीरपणें उच्चारलेलें ऐकूं येतें. या लेखांत ‘भूसंपर्क’ हा शब्द योजिला आहे. या एकाच शब्दाखालीं दोन निराळ्या गोष्टी येतात, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. वीज वाहून नेणाऱ्या दोन तारांपैकीं एक तार जमिनीस जोडणें ही पहिली. आणि वीज वाहूं नये अशी जी धातूची पेटी, दांडा किंवा कवच, तें जमिनीस जोडणें ही दुसरी. पहिलीचा वाद अगोदर झाला, दुसरीची सक्ती फार उशिरां आली.

जमीन ही विजेची वाट आहे हें ज्ञान विद्युद्दीपांहून जुनें. फ्रँकलिनची वीजवाहक सळई १७५२ च्या सुमाराची. तारायंत्राच्या दोन तारांपैकीं परतीची तार काढून टाकून तिचें काम जमिनीकडून करून घेतां येतें, हें म्यूनिकच्या श्टाइनहाइल यांनीं १८३८ सालीं दाखविलें, व पुढें तारायंत्राच्या सर्व लांब मार्गांवर एकच तार पुरी पडूं लागली. म्हणजे १८८२ सालीं लंडनच्या तारायंत्र-अभियंत्यांच्या मंडळानें जेव्हां विद्युद्दीपांसंबंधीं आपले पहिले नियम छापले, तेव्हां त्या मंडळींस भूमि ही जुनी ओळखीची होती. हें १८८२ साल या विषयांत शकारंभासारखें मानावें. त्याच वर्षीं सप्टेंबरच्या ४ तारखेस न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट येथील एडिसन यांचें वीजघर सुरू झालें. आणि त्याच वर्षीं मुंबईंत क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले. तें काम करणारी ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी पुढल्याच वर्षीं बुडाली व बाजारांत पुन्हां गॅसचे दिवे आले, ही गोष्ट निराळी.

लंडनच्या त्या नियमांच्या नांवांतच ते कशासाठीं केले तें आलें आहे : विद्युद्दीपांपासून उद्भवणारा आगीचा धोका टाळण्यासाठीं. त्याच सुमारास फीनिक्स या विमा कंपनीसाठीं मस्ग्रेव्ह हीफी यांनीं केलेले नियम निघाले व ते पुष्कळ वर्षें प्रमाण मानले गेले. अमेरिकेंतही आरंभ विमेवाल्यांनींच केला. न्यू इंग्लंडांतील ज्या ६५ कापडगिरण्यांत विजेचे दिवे बसविले त्यांत पहिल्या सहा महिन्यांतच २३ आगी लागल्याची नोंद त्या वेळच्या विमा-व्यवहारांत मिळते. तेव्हां हात पोळला होता तो विमा कंपन्यांचा, व नियम केले तेही त्यांनींच. इतिहासाच्या अभ्यासकांस हें नवीन नाहीं. लेख कोणाच्या दफ्तरांत तयार झाला हें कळल्यावांचून त्याचा रोख कळत नाहीं, आणि या नियमांचें दफ्तर विम्याचें होतें. मनुष्यास झटका बसतो, तो मरतो, हा विचार त्यांत अगदींच नव्हता असें नाहीं. पण कलमांची रचना मालमत्ता डोळ्यांपुढें ठेवून केलेली आहे.

या दृष्टीनें पाहिलें म्हणजे भूसंपर्कास त्यांनीं शत्रु कां मानलें तें समजतें. दोन्ही तारा जमिनीपासून पूर्ण अलग असल्या, तर त्यांपैकीं एक तार कोठें गॅसच्या नळास घासली तरी कांहीं घडत नाहीं. प्रवाहास परत जाण्यास वाटच नसते. परंतु एक तार आधींच जमिनीस जोडून ठेविली, तर दुसरीचा नुसता स्पर्श नळास झाला कीं ठिणगी उडणार. त्या काळीं तो नळ बहुधा गॅसनें भरलेला असे! पुष्कळ घरांत एकाच झुंबरास गॅसचे व विजेचे असे दोन्ही दिवे असत, आणि अशा झुंबराचा व गॅसनळाचा सांधा विद्युद्रोधक असला पाहिजे असें अमेरिकेच्या जुन्या नियमांत स्पष्ट कलम आहे. आज ज्या धातूस जमिनीशीं जोडा असा आग्रह आहे, त्याच धातूस तेव्हां जमिनीपासून तोडा असा आग्रह होता. हे संयुक्त झुंबर व त्यांचे ते सांधे आतां जुन्या वस्तूंच्या दुकानांतच दिसावयाचे. कोणाच्या संग्रहीं असल्यास सांधा काढून टाकूं नये. झुंबराहून तोच अधिक बोलका आहे.

विमेवाल्यांचा तर्क चुकीचा नव्हता. तो लहान यंत्रणेपुरता खरा होता, एवढेंच. एका गिरणींत किंवा एका वाड्यांत तारा अलग ठेवणें शक्य असतें. शहरभर पसरलेल्या जाळ्यांत तें शक्य नाहीं. हजारों घरांपैकीं कोठें तरी ओल येते, आवरण फाटतें, व एक तार कोणाच्या नकळत जमिनीस लागते. त्या क्षणापासून सारें जाळें भूसंपर्कितच झालें. फरक एवढाच कीं, तें कोठें व कोणत्या तारेनें झालें हें कोणासच ठाऊक नसतें, आणि फ्यूज वितळत नसल्यामुळें दोष दडून राहतो. मग दुसऱ्या तारेला दुसऱ्या टोकाच्या घरांत दुसरा दोष उत्पन्न झाला म्हणजे आग. अभियंत्यांचें म्हणणें असें कीं, जो संपर्क टळत नाहीं तो आपणच एका ठरलेल्या ठिकाणीं, चांगला करावा, म्हणजे पुढला पहिलाच दोष फ्यूज तोडून आपली वार्ता देईल. एडिसन यांच्या तीन तारांच्या पद्धतींत मधली तार याप्रमाणें जमिनीस जोडण्याची वहिवाट पडली. तिलाच न्यूयॉर्कच्या मंडळानें १८९२ सालीं दोष दिला.

पण वादाचा निकाल लागला तो दुसऱ्याच कारणानें. १८८६ सालीं विल्यम स्टॅन्ली यांनीं ग्रेट बॅरिंग्टन या गांवीं ट्रान्सफॉर्मर लावून उलटसुलट प्रवाहाचे दिवे लावून दाखविले. रस्त्यावरून हजार व्होल्टच्या सुमाराची वीज आणावयाची व घराजवळ ती शंभरावर उतरवावयाची, ही पद्धति तेथून फैलावली. ट्रान्सफॉर्मरांत दोन वेटोळीं जवळजवळ असतात, मध्यें केवळ आवरण. तें आवरण फुटलें, किंवा वादळांत वरची तार खालच्या तारेवर पडली, तर हजार व्होल्टचा दाब थेट दिवाणखान्यांतील दिव्याच्या कळीपर्यंत येतो, आणि घरांतल्या माणसास त्याची कांहीं चाहूल लागत नाहीं. दिवा नेहमींसारखाच जळत असतो. घराकडील वेटोळ्याची एक बाजू जमिनीस जोडली असेल तर मात्र वरचा दाब जमिनींत उतरतो व घरांतील तारांचा दाब जमिनीच्या मानानें वाढत नाहीं. एलिह्यू थॉमसन यांनीं हा उपाय आरंभींच सुचविला होता. येथें प्रश्न मालाचा उरला नाहीं. ओल्या हातानें कळ दाबणाऱ्याच्या जिवाचा झाला. विम्याच्या हिशेबांत न बसणारी ही गोष्ट त्या पुस्तकांत घुसण्यास वीस वर्षें लागलीं.

मधल्या काळांत पुस्तकाचेंही रूप बदललें. १८९६ च्या मार्चमध्यें न्यूयॉर्क येथें निरनिराळ्या राष्ट्रीय संस्थांचे प्रतिनिधि जमले, तेव्हां अमेरिकेंत एकंदर पांच नियमावल्या चालूं असल्याचें त्यांस आढळलें. कोलंबिया विद्यापीठाचे प्रोफेसर फ्रान्सिस क्रॉकर हे अध्यक्ष होते. त्यांनीं त्या पांचांसह जर्मन नियम, ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडचे नियम व वर सांगितलेले फीनिक्सचे नियम पुढें ठेवून एक पाठ सिद्ध केला व तो अमेरिका आणि युरोप येथील सुमारें १,२०० जाणत्यांकडे अभिप्रायार्थ पाठविला. पाठशुद्धीचा हा प्रकार आपल्या वाचकांस आवडेल. अनेक प्रती एकत्र करून चिकित्सित आवृत्ति काढावयाची ती याहून वेगळ्या रीतीनें काढीत नाहींत. १८९७ सालीं तें पुस्तक निघालें, तेंच ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’. १९११ पासून तें नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेच्या स्वाधीन आहे. १९१३ च्या आवृत्तींत ट्रान्सफॉर्मरच्या घराकडील मंडलाचा जमिनीच्या मानानें दाब १५० व्होल्टांहून अधिक होत नसेल, तर तें जमिनीस जोडलेंच पाहिजे, असा विधि आला. १५० ची मर्यादा कां? भूसंपर्क केल्यावर उरलेली तार स्पर्श करणारास कायमचा आपला पूर्ण दाब देते. ११० च्या जवळपास हें सोसण्याजोगें मानलें, त्यापलीकडे मानलें नाहीं. नव्या विधींत जुन्या निषेधाची भीति अशी शिल्लक राहिलेली दिसते.

आतां एका पाठभेदाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. या अमेरिकन पुस्तकांत ‘ग्राउंडेड’ तार व ‘ग्राउंडिंग’ तार असे दोन शब्द आहेत. लेखनांत फरक शेपटापुरता. लेखकाच्या डुलकींत एकाचा दुसरा सहज व्हावा. पण पहिली म्हणजे जमिनीस जोडलेली, रोजचा प्रवाह वाहणारी तार. दुसरी म्हणजे पेटी-कवचास जमिनीशीं जोडणारी, एरव्हीं कोरडी राहणारी व दोष झाल्यावरच प्रवाह वाहणारी तार. पहिली पांढरी किंवा करडी, दुसरी हिरवी किंवा उघडी. या दोहोंची अदलाबदल झाली, तर ज्या पत्र्यास हात लावावयाचा त्यावरच प्रवाह येऊं शकतो. क्त आणि शतृ प्रत्ययांतील घोटाळ्यानें जीव जाण्याचें उदाहरण व्याकरणाच्या ग्रंथांत आम्हांस मिळालें नाहीं. तें येथें मिळतें.

ती दुसरी तार घराघरांत यावयास आणखी पन्नास वर्षें गेलीं. कारण उघड होतें. दिव्यास लाकडी किंवा चिनी मातीची बैठक पुरे. धातूचें कवच असलेलीं कपडे धुण्याचीं यंत्रें, शीतकपाटें, हातांतील छिद्रकयंत्रें हीं मागून आलीं. इंग्लंडांत तीन खिळ्यांची जोडणी १९११ पर्यंत विक्रीस आलेली होती, व १९३४ सालच्या ब्रिटिश प्रमाणांत (क्रमांक ५४६) तिला रूप मिळालें. आपल्या भिंतींवरील तीन छिद्रांची गोल बैठक तिचीच संतति आहे. तिचें वरचें छिद्र मोठें असतें, व त्यांत जाणारा खिळा लांब असतो, तो मुद्दाम; जोडतांना भूसंपर्क सर्वांत आधीं व्हावा व काढतांना सर्वांत शेवटीं तुटावा. १९४७ च्या ब्रिटिश चौकोनी खिळ्यांच्या जोडणींत तर लांब खिळा आंत गेल्यावांचून इतर दोन छिद्रांवरील पडदेच उघडत नाहींत. असें असूनही दिव्यांच्या मंडलांत भूसंपर्काची तार ब्रिटनमध्यें १९६६ च्या चौदाव्या आवृत्तीनेंच आवश्यक केली. अमेरिकेंत फिलिप लाब्रे यांस अशा जोडणीचें पेटंट १९२८ सालीं मिळालें. घरमालकिणीच्या मांजरानें पंखा पाडल्यावरून त्यांस ही कल्पना सुचली अशी आख्यायिका आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. सक्तीचा क्रम मात्र लेखी आहे. १९४७ सालीं धुण्याच्या जागीं, १९५६ सालीं तळघरें, वाहनघरें व उघड्या जागा येथें, आणि १९६२ सालीं घरांतील सर्व नेहमींच्या बैठकींस. ओल्या फरशीवरून सुरू होऊन नियम कोरड्या खोलींत चढत गेला. पेटंटापासून पूर्ण सक्तीपर्यंत चौतीस वर्षें.

येथें एका अपवादाची हकीकत सांगितली पाहिजे, कारण जुन्या सनदा पाहणारास ती ओळखीची वाटेल. १९४२ सालीं युद्धामुळें तांब्याची टंचाई पडली. तेव्हां विजेच्या चुलींपुरती वेगळी हिरवी तार न ओढतां चुलीचें कवच मधल्या प्रवाहवाही तारेसच जोडण्यास तात्पुरती परवानगी देण्यांत आली. वर सांगितलेल्या दोन तारांतील भेदच तेवढ्यापुरता पुसला. मधली तार कोठें तुटली तर चुलीचा पत्रा जिवंत होतो, हें देणारांस माहीत होतें. युद्ध संपलें, तांबें आलें, पण सवलत गेली नाहीं. १९४७ च्या पुस्तकांत ती कायम झाली, पुढें कपडे वाळविण्याच्या यंत्रांसही लागू झाली, व नव्या मंडलांपुरती ती बंद झाली १९९६ सालीं. जुन्या घरांत ती आजही चालते. एका दुष्काळापुरती दिलेली सूट पुढें हक्क म्हणून सांगितली गेल्याचीं उदाहरणें आपल्या दफ्तरांत शोधावीं लागत नाहींत. चोपन्न वर्षें टिकलेली ही सूट त्यांच्याच पंक्तीस बसवावी.

जमिनीस जोडा म्हणजे कशास जोडा, हाही प्रश्न लहान नाहीं. शहरांत पाण्याचा धातूचा नळ हीच सर्वांत चांगली मुळी मानली गेली, कारण तो मैलोगणती जमिनींत असतो. परंतु नळवाल्यांनीं आपले नळ प्लॅस्टिकचे केले, आणि वीजवाल्यांच्या पायाखालची जमीनच गेली. म्हणून १९७८ च्या अमेरिकन आवृत्तीपासून नळाच्या जोडीस दुसरी मुळी लागते. पुरलेली सळई आठ फुटांची, व एका सळईचा रोध २५ ओहमांच्या आंत नसेल तर दुसरी पुरावी, असें तेथील कलम आहे. कोरड्या वाळवंटांत सळईचा उपयोग होईना, तेव्हां हर्बर्ट युफर यांनीं दुसऱ्या महायुद्धांत ॲरिझोनांतील दारूगोळ्याच्या कोठारांसाठीं पायाच्या काँक्रीटमधील पोलादच भूसंपर्कासाठीं वापरलें. काँक्रीट ओल धरून ठेवतें. आपल्याकडे खड्ड्यांत नळी किंवा पत्रा पुरून भोंवतीं कोळसा व मीठ घालण्याची व उन्हाळ्यांत पाणी ओतण्याची रीत आहे, ती त्याच ओलीसाठीं.

हिंदुस्थानांतील पाठ इंग्रजी शाखेचा आहे. विजेचा कायदा १९०३ सालीं, त्याच्या जागीं १९१० चा. त्याखालील नियम १९३७ सालीं व स्वातंत्र्यानंतर १९५६ सालीं. १९५६ च्या नियमांतील दोन कलमें येथें महत्त्वाचीं. तेहतिसाव्यानें वीज पुरविणारानें ग्राहकाच्या जागेंत, पुरवठा जेथें सुरू होतो तेथें, भूसंपर्काचें टोक पुरवून तें नीट राखावें असें बंधन घातलें. एकसष्टाव्यानें चार तारांच्या यंत्रणेची मधली तार, तसेंच मोठ्या यंत्रांचीं कवचें, जमिनीस दोन ‘स्वतंत्र व भिन्न’ जोडण्यांनीं जोडावीं असें सांगितलें. एक तुटली तर दुसरी असावी, हा हेतु. जुनें सारें कायदेकानू बदललें, २००३ चा कायदा आला, २०१० सालीं केंद्रीय विद्युत् प्राधिकरणानें नवे सुरक्षा-विनियम केले, तरी या दोन जोडण्यांचें शब्दरूप त्यांत तसेंच उतरलें. खड्डा कसा करावा याचा तपशील भारतीय प्रमाण ३०४३ मध्यें सांपडतो. तें प्रथम १९६६ सालचें, पुढें १९८७ व २०१८ सालीं सुधारलेलें. २०१० च्या विनियमांत भूगळती ओळखून पुरवठा तोडणाऱ्या उपकरणासाठीं वेगळें कलम होतें. अशा उपकरणाचें अमेरिकन रूप बर्कली येथील चार्ल्स डॅल्झील यांनीं १९६१ सालीं तयार केलें. गेलेला व परत आलेला प्रवाह यांचा ताळा तें पाहतें, आणि पांच मिलिअँपियरच्या सुमाराची तूट आली तरी तार तोडतें. मनुष्याच्या देहांतून किती प्रवाह जातो, हा हिशेब नियमपुस्तकांत येण्यास पहिल्या पुस्तकानंतर ऐंशी वर्षें जावीं लागलीं.

राहतां राहिला नियम आणि आचार यांतील अंतराचा प्रश्न, व त्यास पुस्तकें साक्ष देऊं शकत नाहींत, भिंती देतात. पुण्या-सातारच्या वाड्यांत पहिली वायरिंग लाकडी पट्टीवर दोन तारांची आहे. त्यांत तिसऱ्या तारेस जागाच नव्हती. पुढें तीन छिद्रांच्या बैठकी बाजारांत मिळूं लागल्या म्हणून त्याच दोन तारांवर बसविल्या गेल्या, व वरचें छिद्र रिकामें राहिलें. बाहेरून पाहणारास नियम पाळलेला दिसतो. म्हणून वाडा पाडला जात असतां, बटणांचा फळा भंगारांत जाण्यापूर्वीं, जाणत्या वायरमनास सोबत घेऊन व पुरवठा तोडल्याची खात्री करून तो उलटा करून पाहावा; पट्टीवर किती तारा आहेत, तपासणीचा दाखला दारामागें चिकटविलेला आहे काय, अंगणांत मिठाचा खड्डा आहे काय, आणि वरच्या छिद्रामागें तार जोडलेली होती कीं नाहीं, हें त्या त्या घराच्या इतर कागदांबरोबर टिपून ठेवावें.